सेलमवाल्यांची नात

वीरधवल साळुंखेला फक्त एक खोली हवी होती. तीही कायमची नव्हे, बुधवारी तासाभरासाठी. दोन खुर्च्या, एक टेबल आणि लोटल्यावर लोटलेलं राहील असं दार. एवढी साधी मागणी पुरी व्हायला तालुक्याला खेटे घालावे लागतात, नारळ फुटतो, अंगावर शाल येते आणि वेशीत आपला हसरा फोटो लागतो, याची कल्पना असती तर त्याने त्या पोरीला झाडाखाली बसवून काम उरकलं असतं. मग ही गोष्ट घडली नसती. न घडती तर बरं झालं असतं, असं त्याचं अजूनही अधूनमधून मत होतं.

आधी नावाचं सांगायला हवं. वीरधवल नावाचा माणूस घोड्यावर नाही तर निदान बुलेटवर तरी बसलेला असावा, अशी लोकांची रास्त अपेक्षा असते. हा एस.टी.च्या खिडकीशी मांडीवर पिशवी घेऊन बसायचा, आणि पिशवीत कापडी बाहुल्या, रंगीत ठोकळे आणि चित्रांचे पत्ते असायचे. वय पंचेचाळिशीच्या घरात, लग्न राहून गेलेलं, एक बहीण खंडाळ्याला दिलेली, ती राखीला फोन करायची. काम म्हणाल तर शाळांसाठी स्वतंत्रपणे काम करणारा मानसशास्त्रज्ञ. स्वतंत्रपणे म्हणजे पगार नाही, शिपाई नाही, आणि आज उशीर का झाला असं विचारणारंही कुणी नाही.

त्याचं खास काम परमुलखातून आलेल्या घरांतल्या मुलांचं. कुपवाडच्या कारखान्यांत लांबलांबून आलेल्या कामगारांची मुलं असतात, ती शाळेत येऊन भांबावतात. आणि दुसरी आपलीच माणसं, गलाईवाली. आटपाडीकडची, खटावकडची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. बाप तिकडे भट्टीशी, पोरं तिकडच्या गल्लीत वाढतात, आणि मग कधीतरी एखादं पोर गावाकडे आजीजवळ आणून सोडतात. वीरधवल स्वतः असंच पोर होता. मूळचा खटावकडचा, पण वाढला तमिळनाडूत, सेलमला, बापाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. त्याला मिसरूड फुटायच्या सुमारास दुकान बंद पडलं आणि घर साताऱ्याला आलं. आता तो सांगलीत राहत होता, आणि त्याच्या कार्डावर नावाखाली छापलेलं होतं, 'मराठी व तमिळ'.

त्यातल्या तमिळला सांगलीत गिऱ्हाईक नव्हतं. एकदा त्याने इडलीच्या गाडीवाल्याशी मोठ्या आशेने तमिळमध्ये बोलणं काढलं. गाडीवाल्याने चटणीचा चमचा तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. तो जतचा होता. तेव्हापासून वीरधवल तमिळ फक्त आंघोळ करताना बोलायचा, तेही नळ सोडून.

तो राहायचा मोहिद्दीन नदाफ यांच्या गादी कारखान्याच्या वर. मोहिद्दीनचाचा खाली कापूस पिंजायचे, आणि वर वीरधवलच्या चहात तो तरंगायचा. चाचांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि प्रेमापोटी ते सल्ले द्यायचे.

"सर, पाटी बदला," ते म्हणायचे. "मानसशास्त्रज्ञ. हे वाचून होईपर्यंत माणूस पुढच्या चौकात पोचतो. दातवाला दात काढतो पाटीवर, चष्मेवाला चष्मा काढतो. तुम्ही पण काहीतरी काढा."

"मनाचं चित्र कसं काढणार, चाचा?"

"मग धंदाच चुकला," चाचा म्हणायचे आणि वर बायकोने, रहिमतबींनी, दिलेला डबा पोचवायचे. डब्याबरोबर रहिमतबींचा निरोप असायचा की सरांना म्हणावं लग्न करा. या निरोपाला उत्तर काय द्यायचं ते चाचांना इतक्या वर्षांत पाठ झालेलं होतं, म्हणून ते परस्परच देऊन टाकायचे.

अशात एके दिवशी फोन आला. आटपाडीच्या पुढच्या एका गावातून. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्या गावची माणसं वाचणारी आहेत आणि त्यांच्यातली बरीचशी फौजेतून रिटायर झालेली आहेत. फोनवर तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक नानासो सर होते.

"दुसरीत एक मुलगी आहे, साळुंखे सर. दिवाळीनंतर आली. पहिला दिवस सोडला तर तेव्हापासून शाळेत एक अक्षर बोललेली नाही. हजेरीला सुद्धा नुसता हात वर करते. तालुक्याच्या मॅडम तपासणीला येणार आहेत. तोवर बोलली तर ठीक, नाहीतर मंदबुद्धी म्हणून सांगलीच्या वसतिगृहाच्या शाळेत पाठवायचं ठरतंय. आजी एकटी आहे, ती रडती."

"मुलगी कुठून आली?" वीरधवलने विचारलं.

"सेलमवाल्यांची नात आहे."

यापुढे वीरधवलने काही विचारलंच नाही. पहिल्या भेटीत मुलाची घरची भाषा कोणती, रस्त्यावरची कोणती, स्वप्नातली कोणती, हे खोदून विचारायचं, हा नियम त्याने स्वतः कुपवाडच्या शिक्षकांना फळ्यावर लिहून शिकवला होता. पण सेलम म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे आपली गल्लीच उभी राहिली. त्या गल्लीतून एक मुलगी आटपाडीच्या पुढे येऊन पडली होती आणि तिच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. आणि सांगलीत नळ सोडून बोलणारा तो. असा योग कुणाच्या नशिबी येतो, असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी तो चाचांशी उगाचच हसून बोलला.

आता खोली. नानासो सर म्हणाले, या, पण परवानगी आणा. केंद्रप्रमुख म्हणाले, तालुक्याला विचारा. तालुक्याचे कारकून म्हणाले, "तुम्ही कुणाचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या संस्थेचे? ट्रस्टचे? कंपनीचे?"

"कुणाचाच नाही. मी स्वतंत्र आहे."

"असं कसं? माणूस कुणाचा तरी असतोच की." कारकुनांनी त्याच्याकडे अशा कणवेने पाहिलं की वीरधवलला भर दुपारी पोरकं वाटलं. या माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं यावर दोन टेबलांची चर्चा झाली. तज्ज्ञ लिहावं तर प्रमाणपत्राला जिल्ह्याचा शिक्का लागतो, स्वयंसेवक लिहावं तर आधी पोलिसांचा दाखला. अखेर कारकुनांनी स्वतःच्या जबाबदारीवर 'पालक' असं लिहिलं, आणि साळुंखे घराण्यात मूलबाळ नसलेला पहिला पालक बुधवारी तासभर शाळेत बसायला मोकळा झाला.

शाळेत मोकळी खोली एकच होती, पोषण आहाराच्या तांदळाची. पोत्यांच्या थप्प्या, तेलाचे डबे, एक वजनकाटा. वीरधवल म्हणाला, चालेल. पण शाळेच्या समितीचे अध्यक्ष गुंडा हवालदार यांना ते चालेना. गुंडा हवालदार फौजेतून आलेले, मिशा अजून नोकरीतच असल्यासारख्या.

"तज्ज्ञ मानूस आपल्या शाळंत येतोय आन् तुमी त्याला पोत्यावर बशिवता?" ते नानासो सरांना म्हणाले. "उद्घाटन करा. गावाला कळू द्या."

"हवालदारसाहेब, ही गोष्ट गुप्तपणे करायची असते," वीरधवल म्हणाला. "मुलीला संकोच वाटता कामा नये."

"गुप्तच करू की," गुंडा हवालदार म्हणाले. "फक्त पत्रिका न्हाई छापायची."

पत्रिका छापली नाही, फ्लेक्स छापला. वेशीतच लावला. त्याच्यावर वीरधवलचा जो फोटो होता तो बहिणीच्या मुलाच्या लग्नातला, फेट्यासह. शेजारी गुंडा हवालदार. खाली मजकूर, 'मनाचे डॉक्टर मा. वीरधवल साळुंखे यांचे सहर्ष स्वागत'. ज्या मुलीसाठी हे सगळं, तिलाच ओवाळायला उभं केलेलं होतं. हातात ताट, वेण्या घट्ट, नजर वीरधवलच्या बुटांवर. नारळ फुटला, शाल आली, माइक कुईकुई करून बंद पडला. गुंडा हवालदारांनी बिनमाइकचं भाषण केलं. त्यात त्यांनी सांगितलं की नोकरीत ते तीन वर्षं मद्रासकडे होते, त्यांना तमिळ बरंच कळतं, आणि ही पोरगी तमिळमध्येच गप्प बसते हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

फ्लेक्सचा परिणाम लगेच दिसला. पुढच्या बुधवारी वडापच्या जीपमधून वीरधवल उतरला तर शाळेच्या पायरीवर रांग. एका बाईचं म्हणणं, नवरा जेवताना बोलत नाही, त्याला बोलतं करा. एकाची म्हैस रेडकाला जवळ घेत नव्हती. एक गृहस्थ पोराचा मोबाइल घेऊन आलेले. "मनातलं वळकता न्हवं?" ते म्हणाले. "मग हेचा पासवर्ड काय ठेवला असंल ते बगा." वीरधवलने आपला विषय काय आहे हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि कुणीही हललं नाही. तासातला अर्धा तास असाच जायचा. त्याच्या अंगची विद्या म्हशीपर्यंत पोचावी याचं त्याला वाईट वाटायचं, आणि पुढच्या खेपेला म्हैस रेडकाला चाटायला लागली आहे असा निरोप आला तेव्हा त्याला जो आनंद झाला त्याचं तर फारच वाईट वाटलं.

उरलेल्या अर्ध्या तासात मात्र तांदळाच्या खोलीत तो आणि क्रांती असायचे. क्रांती म्हणजे ती मुलगी. सात वर्षांची, सावळी, डोळे मोठे. पहिल्या दिवशी त्याने बाहुल्या मांडल्या, ठोकळे मांडले, आणि तमिळमध्ये तिला सांगितलं की मीपण सेलमचा. क्रांतीने मान वर केली आणि डोळे विस्फारून त्याच्याकडे पाहिलं.

आपल्या भाषेचा आवाज कानी पडल्यावर मूल असंच पाहतं, वीरधवलने मनाशी नोंद केली.  तो खोकला.

बोलली मात्र नाही. दुसऱ्या बुधवारी नाही, तिसऱ्या बुधवारी नाही. पण ऐकायची फार छान. हनुवटी दोन्ही तळव्यांवर टेकवून बसायची आणि तो थांबला की भुवया किंचित उचलायची, म्हणजे पुढे. मूल मोकळं व्हायला आधी मोठ्या माणसाने मोकळं व्हावं, असं त्याने कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं होतं. तो मोकळा झाला. त्याने तिला गल्ली सांगितली, दुकानामागची भट्टी सांगितली, आंब्याच्या दिवसांत सगळ्या बाजाराला येणारा वास सांगितला. शेजारच्या बाईंनी आपल्याला त्यांच्या लेकरांत जेवायला बसवलं की आई कशी चिडायची ते सांगितलं. तिथून गोष्ट हळूहळू अलीकडे आली. रविवारी करायला काही नसतं म्हणून तो कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतो. भाजी पावशेर घेतली तरी उरते. पुण्याला असताना एक बाई होती, तिने पुष्कळ वाट पाहिली, आणि हा विचारू विचारू म्हणत राहिला. हे त्याने मराठीत कुणालाही, चाचांनासुद्धा, सांगितलेलं नव्हतं. मधूनच स्वयंपाकीणबाई पोतं सोडायला यायच्या, डब्याने तांदूळ मोजायच्या, आणि सर पोरीला काहीतरी फार गहन शिकवतायत अशा समजुतीने पाय न वाजवता जायच्या.

नोंदी उत्तम होत्या. लक्ष एकाग्र, नजरानजर होते, सहवास आवडतो. त्या तिन्ही नोंदी कुणाच्या होत्या हा प्रश्न त्याला पडला नाही.

आजीची, बनुबाईंची, भेट तो दर वेळी घ्यायचा. गावाच्या टोकाला त्यांचा दुमजली बंगला, फाटकावर सिमेंटची अक्षरं, 'सेलम निवास'. बनुबाई स्वतः कधी सेलमला गेल्या नव्हत्या. नवरा, कोंडीबा, जन्मभर तिकडे, आणि त्या इकडे जनावरं आणि रिकामा बंगला राखत राहिलेल्या.

"घरी बोलते का?" वीरधवलने विचारलं होतं.

"आवं, बोलती म्हंजी? तोंडाचा पट्टा बंद असत न्हाई."

"आईवडील तिकडेच?"

"तिकडंच की."

म्हणजे घरी तमिळ बोलते, शाळेत मराठी येत नाही म्हणून गप्प. वीरधवलचं निदान पक्कं झालं. बनुबाईंचं मात्र त्याच्या निदानाकडे लक्ष नव्हतं. "सर, तिला न्हेऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "मालक गेल्यापासनं ह्या घरात मी एकलीच हुतो. आता कुटं घरात आवाज आलाय." वीरधवलने शब्द दिला. नेऊ देणार नाही म्हणाला. असा शब्द देऊ नये हेसुद्धा तो कुपवाडला फळ्यावर लिहून शिकवायचा.

तपासणीचा दिवस उजाडला तो बुधवारच होता. तालुक्याहून संयोगिता मॅडम आल्या. कामाचं बाईमाणूस, बोलणं मोजकं, हातात पेन उघडंच. तांदळाच्या खोलीत मॅडम, नानासो सर, गुंडा हवालदार, बनुबाई, वीरधवल आणि मधे एका छोट्या खुर्चीवर क्रांती. खिडकीला गाव. खिडकी एकच असल्यामुळे गावाने आपापसात पाळ्या लावून घेतल्या होत्या.

"तुझं नाव काय, बाळ?" मॅडमनी विचारलं.

क्रांती गप्प.

"मॅडम, मी विचारतो," वीरधवल म्हणाला, आणि खाली वाकून तमिळमध्ये त्याने तिला सांगितलं की घाबरू नकोस, फक्त नाव सांग, तुझ्या भाषेत सांग, मी आहे ना. क्रांतीने भुवया किंचित उचलल्या. पुढे काही नाही.

"वणक्कम," गुंडा हवालदार मदतीला धावले. त्यांची तमिळ तिथे संपली.

मॅडमनी वाट पाहिली. मग त्या वीरधवलकडे वळल्या. "तुम्ही किती आठवडे येताय, साळुंखे?"

"बरेच झाले."

"आणि प्रगती काय?"

"ती ऐकते," वीरधवल म्हणाला. ते त्याचं त्यालाच फार लहान वाटलं.

"ऐकते हे तर तुम्ही यायच्या आधीपासून होतं." मॅडम चिडलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "बाहेर तुमचा फेट्यातला फ्लेक्स पाहिला. शाळेच्या खोलीत बसून तुम्ही मुलीशी अशा भाषेत बोलता जी इथे कुणालाच तपासता येत नाही. हे चालणार नाही. सर, मुलीचं नाव वसतिगृहासाठी लिहा. आणि यांचं येणं आजपासून बंद."

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. वीरधवल काहीतरी बोलायला उभा राहिला, आणि त्याच्या मांडीवरची पिशवी उलटी होऊन ठोकळे पोत्यांखाली घरंगळत गेले. तो ते गोळा करायला गुडघ्यांवर बसला, कारण उभं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

"त्यास्नी बंद करू नका," कुणीतरी म्हणालं.

 बोलली होती ती क्रांती. चांगल्या खणखणीत आवाजात, आणि आजीच्या मराठीत.

"त्यास्नी येऊ द्या की," ती मॅडमना म्हणाली. "त्यास्नी बोलाया दुसरं कुनी न्हाई. मला त्येंचं काय बी कळत न्हाई, पन मी बसतो."

 मॅडमचं पेन थांबलं. "कळत नाही म्हणजे? ते तमिळ बोलतात. तू सेलमची ना?"

"मी राजमंड्रीची. तिकडं तेलुगू बोलत्यात."

सगळ्यांच्या माना बनुबाईंकडे वळल्या. "सेलम आमच्या मालकांचं," बनुबाई म्हणाल्या. "घराला नाव पडलं ते पडलं. पोरानं राजमंड्रीला दुकान टाकून लय वर्सं झाली. ही जलमलीच तिकडं."

"आजी, मग सांगितलं का नाही?" नानासो सर कळवळून म्हणाले.

"इचारलं कुनी?"

गुंडा हवालदारांनी मिशीवर हात नेला आणि तो तिथेच ठेवला. मॅडमनी क्रांतीला जवळ बोलावलं. मराठी इतकी चांगली येते, तर शाळेत का बोलत नाहीस?

"पयल्या दिवशी मला पुढं उभं केलं प्रार्थनेला," क्रांती म्हणाली. "म्हनले तिकडचं बोलून दाखव. मी बोललो तर सगळी हसली. मग रोजच, तिकडचं बोल, तिकडचं बोल. मग मी दोनी बी बंद केलं." तिने वीरधवलकडे बोट केलं. "ह्यांनी मला कवा बोल म्हनून धरलं न्हाई. हेच बोलत्यात."

आणि मग खिडकी हसली. आधी एक पाळी हसली, मग मागच्यांना कळलं तसा बाकीचा गाव. नानासो सर हसले, मॅडम हसल्या, गुंडा हवालदार तर स्वतःवरची वेळ टळली म्हणून सगळ्यांत मोठ्याने. गुडघ्यांवर बसलेला मानसशास्त्रज्ञ हातात निळा ठोकळा घेऊन तसाच राहिला. पुण्याची बाई, पावशेर भाजी, घाट, सगळं त्याने ज्या कानांत टाकलं होतं त्या कानांनी त्यातलं काहीच घेतलं नव्हतं. त्यांनी फक्त आवाज ऐकला होता, आणि आवाजावरून जे ओळखायचं ते बरोबर ओळखलं होतं.

मॅडमनी तिथल्या तिथे लिहिलं की मुलगी हुशार आहे, कुठेही पाठवायची गरज नाही. प्रार्थनेला पुढे उभं करण्याबद्दल नानासो सरांना दोन शब्द ऐकवले. आणि जाताना वीरधवलला म्हणाल्या, आता तुम्हालाही यायची गरज उरली नाही. हे त्यांनी आदराने सांगितलं. गुंडा हवालदारांनी पुन्हा शाल दिली, पहिल्या खेपेचीच होती, ती तो कार्यालयात विसरला होता.

सांगलीत ही बातमी सांगितल्यावर मोहिद्दीनचाचांनी कापूस बाजूला सारला. "म्हणजे केस जिंकलात."

"जिंकलो."

"मग चेहरा असा का?"

वीरधवलने जमेल तेवढं सांगितलं. चाचा हसतील याची त्याने तयारी ठेवली होती. चाचा हसले नाहीत. अंगावरचा कापूस झटकत म्हणाले, "सर, डबा वर पाठवत नाही आता. खाली येऊन जेवत जा." वीरधवल हो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी कामाचं निमित्त सांगून गेला नाही. माणसाला एकटं राहायचीही सवय होते, आणि ती कुणी मोडायला आलं की राग येतो. त्याला तसा राग आला होता.

पुढच्या बुधवारी त्याला कुठेही जायचं नव्हतं. तो सकाळी उठला, दाढी केली आणि आटपाडीच्या एस.टी.त बसला. वडापमध्ये शेजारच्याने विचारलं, "आज कुनाचं मन?" वीरधवलने खिडकीबाहेर पाहिलं. वेशीतला फ्लेक्स उतरवलेला होता, मागची बाजू वर करून कुणीतरी त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या.

'सेलम निवास'च्या पायरीवर बनुबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी काय काम काढलं असं विचारलं, आणि त्याला सांगता येईना तेव्हा चहा ठेवायला आत गेल्या. शाळा सुटून क्रांती आली. बरोबर दोन मुली होत्या, तिघी एकदम बोलत होत्या. वीरधवलला पाहून तिने त्यांना फाटकातूनच लावून दिलं आणि दप्तर टाकून त्याच्या शेजारी पायरीवर बसली. हनुवटी तळव्यांवर टेकवली.

"बोला," ती म्हणाली.

वीरधवलने तोंड उघडलं. काही आलं नाही. आता तिला कळत नाही हे माहीत झाल्यावर तमिळ येईना, आणि मराठीत तर ते कधीच आलं नव्हतं. तो पायरीवरची शेंगांची टरफलं बोटाने एका जागी करत बसला. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली इतकं एकटं वाटलं की उठून निघावं असं त्याने ठरवलं.

तेव्हा क्रांती बोलायला लागली. मराठीत नाही. आधी सावकाश, मग भराभर, हातवारे करत, मधेच हसत. तेलुगू असणार. गावात तिच्याशी ते बोलणारं कुणी नव्हतं, आजीला ते येत नव्हतं, आणि शाळेत ते बोललं की काय होतं हे तिला माहीत होतं. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. वीरधवलने डोकं खाजवून एखादं वाक्य पकडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला, अम्मा, आणि तो एवढा एकच शब्द त्याला कळला. इतक्या बुधवारांत त्याने तिला तिच्या आईबद्दल एकदाही विचारलेलं नव्हतं.

बनुबाई चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. क्रांती बोलायची थांबली, डोळे पुसले, आणि त्याच्याकडे पाहिलं.

वीरधवलने भुवया किंचित उचलल्या, म्हणजे पुढे.